भावना खरी असली, तर फोटो खोटा चालेल का?

मे २०२४ मध्ये आपल्यापैकी पुष्कळांनी एक चित्र इन्स्टाग्रामच्या स्टोरीला लावलं होतं. नजर पोहोचेल तिथवर तंबूच तंबू, मागे डोंगर, आणि तंबूंच्या मांडणीतून उमटलेली अक्षरं: 'ऑल आइज ऑन रफाह'. काही दिवसांतच ते ४ कोटींहून अधिक वेळा शेअर झालं. ते चित्र कुठल्याही कॅमेऱ्याने टिपलेलं नव्हतं. एआयने बनवलेलं होतं. रफाह हा समुद्राजवळचा सपाट भाग आहे. तिथे असे डोंगर नाहीत. आणि त्या अख्ख्या चित्रात एकही माणूस दिसत नाही.

त्याच्या महिनाभर आधी 'वर्ल्ड प्रेस फोटो'चा वर्षातला सर्वोत्तम छायाचित्राचा पुरस्कार जाहीर झाला होता. रॉयटर्सचे पॅलेस्टिनी छायाचित्रकार मोहम्मद सालेम यांनी १७ ऑक्टोबर २०२३ रोजी खान युनिसच्या नासेर रुग्णालयात काढलेला तो फोटो. शवागाराच्या फरशीवर बसलेली एक बाई, तिच्या कुशीत कफनात गुंडाळलेली पाच वर्षांची भाची. दोघींपैकी कुणाचाही चेहरा दिसत नाही. तरी तो फोटो पाहून झाल्यावर काही वेळ बोलवत नाही.

आता सांगा, आपल्यापैकी किती जणांनी हा फोटो शेअर केला होता?

हा विषय मी मित्रांमध्ये काढला की ठरलेलं उत्तर येतं: "अरे, चित्र बनवलेलं असलं म्हणून काय झालं? भावना तर खरी आहे ना!" त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. खऱ्या फोटोंवर इन्स्टाग्राम 'संवेदनशील मजकूर' म्हणून पडदा टाकतं. तंबूंचं चित्र मात्र बिनदिक्कत फिरतं. रक्त न दाखवता लोकांचं लक्ष वेधता आलं, हेही खरं. पण मला हे उत्तर पटत नाही, आणि याचं कारण नैतिक कमी आणि व्यवहारी जास्त आहे.

गाझातून येणारे फोटो हे नाटक आहे, मेलेली मुलं म्हणजे बाहुल्या आहेत, असा प्रचार करणारी एक मोठी फळी आहे. त्यांनी त्यासाठी 'पॅलीवूड' असा शब्दही तयार ठेवलाय. त्यांना फोटो खोटा ठरवायची गरजच नसते, फक्त शंका पुरते. आपण हौसेने फिरवलेलं प्रत्येक बनावट चित्र म्हणजे त्यांच्या हातात आयतं दिलेलं उदाहरण: "बघा, ते चित्र एआयचं निघालं, मग हेही तसलंच असेल." ज्याच्या बाजूने सत्य आहे त्याला बनावट फोटोचा फायदा फार थोडा होतो आणि तोटा मात्र पूर्ण होतो. ज्याला सत्य दडपायचंय, त्याला 'सगळंच फेक आहे' हे वातावरण हवंच असतं.

फोटोत ढवळाढवळ करण्याचा प्रकार एआयने आणलेला नाही, तो फोटोग्राफीइतकाच जुना आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदर बागेत ब्रिटिश फौजेने सुमारे दोन हजार बंडवाल्या शिपायांना मारलं. फेलिस बियातो हा छायाचित्रकार तिथे पोहोचला १८५८ मध्ये, म्हणजे काही महिन्यांनी. त्याच्या प्रसिद्ध फोटोत पडझड झालेली इमारत आहे, काही माणसं उभी आहेत, एक घोडा आहे आणि पुढच्या अंगणात हाडं आणि कवट्या विखुरलेल्या आहेत. जणू काल-परवाच लढाई झाली असावी. झाकलेले अवशेष या फोटोसाठी त्याने पुन्हा उघडे करायला लावले, असं एका ब्रिटिश अधिकाऱ्यानेच आपल्या आठवणींत नोंदवलंय.

मग हा फोटो खरा की खोटा? कत्तल खरी, हाडं माणसांचीच. पण त्यांची मांडणी कॅमेऱ्यासाठी. आणि ती कुणासाठी, हेही बघा. विलायतेत बसलेल्या ग्राहकाला 'बंड कसं मोडलं' हे दाखवण्यासाठी. ज्यांची ती हाडं, त्यांना कफन नाही, कबर नाही, चिता नाही, नाव तर नाहीच. त्यात हिंदू किती, मुसलमान किती, हेही आपण त्या फोटोवरून सांगू शकत नाही. मला तो फोटो पाहताना मांडणीपेक्षा हीच गोष्ट जास्त खुपते.

याउलट काहीही न मांडता, न बदलता काढलेला फोटोसुद्धा सगळं सांगत नाही. १ मार्च २००२, अहमदाबाद. रॉयटर्सच्या अर्को दत्ता यांनी काढलेला तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल: गॅलरीत उभा असलेला तरुण, पाणावलेले डोळे, जोडलेले हात. तुमच्यातले काही जण तेव्हा जन्मलेही नसतील, तरी फोटो ओळखीचा आहे. पण तो हात कुणापुढे जोडतोय, असं विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, 'जमावापुढे'. प्रत्यक्षात तो खाली आलेल्या शीघ्र कृती दलाच्या जवानांना विनवत होता, आम्हाला इथून बाहेर काढा म्हणून. जवान चौकटीत नाहीत. जमावही नाही. जाळपोळ करणारा एकही हात त्या फोटोत नाही. उरतो तो फक्त गयावया करणारा मुसलमान, आणि समोर कोण आहे हे प्रत्येक जण आपल्या मनाप्रमाणे भरून घेतो.

त्या माणसाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. शोधलं तर तुम्हाला एका मिनिटात सापडेल, पण त्याने आयुष्यभर जे भोगलं ते याच ओळखीपायी. पोटासाठी शिवणकाम करणारा तो माणूस. दंगलीनंतर तो आपल्या महाराष्ट्रात, मालेगावला बहिणीकडे आला होता. तिथे काम मिळालं, पण थोड्याच दिवसांत तो फोटो छापलेलं वर्तमानपत्र कारखान्यात पोहोचलं आणि मालकाने 'आपल्याला भानगड नको' म्हणून त्याला कामावरून काढलं, असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. नंतर पश्चिम बंगाल सरकारने कोलकात्यात आसरा दिला. तिथूनही तो अहमदाबादलाच परतला. लोकांनी त्याचा चेहरा पोस्टरवर छापला, भाषणांत वापरला, निवडणुकीच्या जाहिरातीतही आणला, आणि त्याला विचारण्याची गरज कुणालाच वाटली नाही. यात आपले म्हणवणारेही होते. दत्तांनी फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही. तो फोटो नसता तर त्या दिवसांबद्दलचा एक मोठा पुरावा जगापुढे आलाच नसता. पण एका क्षणाला खरा असलेला फोटो पुढची वीस वर्षं त्या माणसाबद्दल खरा राहत नाही. तो रोज सकाळी उठून हात जोडत नव्हता, शिलाई मशीन चालवत होता.

फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्लीत दानिश सिद्दीकी यांनी काढलेला फोटो यापुढे ठेवून पाहा. जमिनीवर अंग चोरून पडलेला माणूस, आणि त्याच्याभोवती लाठ्या घेतलेला घोळका. इथे मारणारे चौकटीच्या आत आहेत. मला वाटतं, त्या फोटोचं खरं मोल तेवढ्यातच आहे. दानिश पुढे जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना मारले गेले.

दंगलींचं सोडा. रोजच्या बातम्यांतलं बघा. माझ्या शहरातली एक मुलगी सी.ए. झाली. एका मराठी वृत्तस्थळाने कौतुकाने बातमी दिली आणि सोबत फोटो लावला तो कुठल्याशा बाजारातल्या पाठमोऱ्या बुरखाधारी बायकांचा. ती मुलगी बुरखा घालत नाही. घालत असती तरी तो फोटो तिचा नव्हताच. महागाई असो, दहावीचा निकाल असो, तलाकचा निवाडा असो, मुसलमान म्हटलं की टोपी, बुरखा किंवा रस्त्यावरची नमाज. यातला एकही फोटो बनावट नसतो बरं का! प्रत्येक फोटो खरा, आणि त्या सगळ्यांतून उभा राहणारा समाज मात्र अर्धाच. गिरणीतला कामगार, एसटीचा कंडक्टर, ऊसतोड करणारं कुटुंब, एमपीएससीची पुस्तकं घेऊन अभ्यासिकेत बसलेला मुलगा, यांचे फोटो त्या फोल्डरमध्ये नाहीत, कारण ते कुणी काढलेले नाहीत.

हे आपल्याला करता येण्यासारखं आहे. हातात मोबाइल प्रत्येकाच्या आहे. पण काढायचा तर नीट काढा. माणसाला विचारून काढा आणि नाही म्हणाला तर काढू नका. खाली तारीख, ठिकाण, कोण काय करतंय हे लिहा. फोटो जितकं सांगतो तितकंच तो लपवतो, आणि ती लपलेली बाजू मजकुरातच येऊ शकते. मोहल्ल्यात काही घडलं आणि ते टिपलं, तर मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि वेळ-ठिकाणाची आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं. ज्या फोनने टिपलं तो फोन आणि ती फाइल हाताशी असेल, तर वकिलाचं काम सोपं होतं. दहाव्या हाताने फॉरवर्ड होऊन आलेल्या व्हिडिओचं तिथे काय होतं, ते एखाद्या ओळखीच्या वकिलाला विचारून बघा.