हिऱ्याच्या नावानं चांगभलं!

मी बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसतो. त्यामुळे माणसांची अब्रू मला ग्रॅममध्ये दिसते. कुणीतरी रुमालात बांधलेली हिऱ्याची अंगठी भीतभीत पुढे करतो, आमचे सराफ ती तराजूत टाकतात आणि थंडपणे सांगतात, "खड्याचं वजन वजा." वजा! ज्या खड्यापायी घरात महिनाभर खल झाला, त्याची किंमत कर्जाच्या हिशेबात शून्य. खालचं चार ग्रॅम सोनं तेवढं खरं.

हे आठवायचं कारण, आमच्या भाचीचा साखरपुडा ठरला आणि तिनं जाहीर केलं, "मला हिरा नको, ओपल हवा." झालं! ताईनं कपाळाला हात लावला. "लोक काय म्हणतील?" हा आमचा कुलमंत्र. जावईबापू बिचारे भले. त्यांनी मला गॅलरीत नेऊन हळूच विचारलं, "मामा, पर्सनल लोन किती दिवसांत मिळतं?" म्हणजे अंगठी हिच्या बोटात आणि ह्याची मान तीन वर्षं हप्त्यांत!

तेव्हा मी ओपलचं वकीलपत्र घेतलं.

"ताई," मी म्हटलं, "हिरा कायमचा, हे काही वेदांत लिहिलेलं नाही. फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईनं १९४७ साली अमेरिकेतल्या जाहिरात कंपनीत बसून डी बिअर्ससाठी ते वाक्य लिहिलं. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी आपली बोटं पारतंत्र्यात जायची सोय झाली!"

"पण ओपल अपशकुनी असतो म्हणतात."

"कोण म्हणतं? सर वॉल्टर स्कॉट! १८२९ सालच्या कादंबरीत त्यानं ओपलवालीचं वाटोळं केलं आणि लोकांनी धसका घेतला. व्हिक्टोरिया राणीला मात्र ओपल आवडायचे."

आता मला सांगा, एका जाहिरातीनं हिरा चढवला, एका कादंबरीनं ओपल उतरवला, आणि दंड कुणाला? पगारदाराला!

ताईनं ठेवणीतलं अस्त्र काढलं. "शुक्राचा खडा हिराच." मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, "शुक्रासाठी ओपलही उपरत्न म्हणून चालतो." म्हणजे साक्षात शुक्राची हरकत नाही, हरकत आहे ती समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंची!

खोटं कशाला बोलू, ओपल नाजूक आहे. कठीणपणाच्या मापावर हिऱ्याला १० आणि ओपलला साडेपाच ते साडेसहा. पण हिरासुद्धा ओरखडत नसला तरी हातोडा बसला की फुटतोच. माझे एक साहेब तसे होते. ओपलच्या पोटात मात्र थोडं पाणी असतं. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे आत ओळीनं बसलेले असतात, त्यांतून उजेड गेला की लाल, हिरवे, निळे रंग हलतात. हात जरा वळवला की रंग बदलला. हप्त्याचा आकडा तेवढा बदलत नाही.

"म्हणजे भांडी घासताना रोज काढून ठेवायची?" ताईनं शेवटचा बाण सोडला.

"मी कशाला काढू?" भाची म्हणाली. "भांडी तो घासेल."

जावईबापूंनी क्षणभरही विचार केला नाही. "चालेल. हप्त्यांपेक्षा भांडी बरी."

काळा ओपल भलताच महाग असतो, हे मी त्यांना आधीच बजावून ठेवलं. साधा पांढरा ओपल आणला, कर्जाचा अर्ज कोराच राहिला. उद्या वेळ आली तर आमचे सराफ ह्या खड्यालाही शून्यच देतील, हे मला ठाऊक आहे. पण वाचकहो, वीस वर्षं खुर्ची घासलेला कारकून म्हणून सांगतो, शून्यच विकत घ्यायचं असेल तर ते रोखीत परवडेल एवढंच घ्यावं, आणि आपल्या डोळ्यांना आवडेल ते घ्यावं.

ताईनं परवा अंगठी उजेडात धरून पाहिली. दोनदा पाहिली. मी काही बोललो नाही.