विश्लेषण : जुना मेकॅनो कपाटात नको, मुलांच्या हातात हवा!

गेल्या वर्षी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपे, नळाच्या तोट्या आणि बंद पडलेल्या पंख्यांच्या ढिगात एक पितळी दातेरी चाक दिसले. विक्रेत्याने ते पितळ म्हणून तराजूत टाकले होते. प्रत्यक्षात तो मेकॅनोचा गियर होता. जुनी जोडणीची खेळणी बहुतेकदा अशीच संपतात, भंगाराच्या भावाने.

मेकॅनो आला कुठून?

लिव्हरपूलमध्ये हिशेबनीस असलेल्या फ्रँक हॉर्नबी यांनी स्वतःच्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्या कापून, भोके पाडून खेळणे बनवले आणि १९०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले. मेकॅनो हे नाव १९०७ चे. दोन भोकांमध्ये अर्धा इंच अंतर, हा या खेळण्याचा गाभा. हे माप पुढे बदलले नाही, त्यामुळे पणजोबांच्या पेटीतली पट्टी पणतीच्या पेटीतल्या पट्टीला जोडता येते. आजच्या किती वस्तूंबद्दल असे म्हणता येईल? मोबाइलचा चार्जरसुद्धा दोन फोन टिकत नाही.

हे केवळ मुलांचे खेळणे नव्हते. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मुख्यतः मेकॅनोचे भाग वापरून अवकल समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले होते.

जुना संच ओळखायचा कसा?

रंगावरून. १९२६ पूर्वीचे भाग बहुधा निकेलचा मुलामा दिलेले, चंदेरी. त्या वर्षी लाल-हिरवा रंग आला, १९३४ मध्ये निळा-सोनेरी, युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा आणि १९६४ पासून पिवळा-काळा. एकाच डब्यात तिन्ही-चारही रंग असतील तर नाक मुरडू नये. तो डबा कुणीतरी वर्षानुवर्षे वापरला, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटनमधील धर्मादाय दुकानांत असे मिसळलेले डबे मिळतात. आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार धुंडाळावा लागतो आणि तिथे ‘मेकॅनिक्स’ या भारतीय संचाचे भाग सापडण्याची शक्यता अधिक. खिशात एक पट्टी ठेवावी आणि भोके जुळतात का ते जागेवरच पाहावे. गंज रॉकेलने निघतो, पण मुलामा सँडपेपरने घासू नये.

मग घाई कशाची?

लिव्हरपूलचा बिन्स रोडवरील कारखाना १९७९ मध्ये बंद झाला. फ्रान्समधील कॅले येथील कारखाना बंद करण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली. त्यामुळे हरवलेल्या भागांसाठी जुन्या बाजाराचे महत्त्व वाढले आहे. या बाजाराला दोन बाजूंनी गळती आहे. भंगारवाला पितळ वितळवायला पाठवतो, तर संग्राहक न उघडलेली पेटी घेऊन काचेआड ठेवतो. पहिल्याला दोष देता येत नाही, त्याचे पोट त्यावर आहे. दुसऱ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अर्ध्या इंचाचे माप इतकी वर्षे जपले गेले ते जोडण्यासाठी, बघण्यासाठी नव्हे.

मुलांना देणे सुरक्षित आहे का?

सरसकट नाही. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ‘बीआयएस’चे मानकचिन्ह बंधनकारक आहे. त्याआधीच्या वस्तूंना अर्थातच ती कसोटी लागलेली नसते. त्यामुळे वस्तू तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलांपासून हा डबा दूरच ठेवावा. रंगाचे पोपडे निघत असतील तर तो भाग बाजूला काढावा आणि खेळून झाल्यावर हात धुवावेत. पत्र्याच्या कडा बोटाला लागतात, तेवढी सवय नऊ-दहा वर्षांच्या मुलांना होते.

तराजूतला तो गियर मी वीस रुपयांना घेतला. सध्या तो भाचीच्या क्रेनमध्ये फिरतो आहे. त्याचा एक दात तुटलेला आहे, त्यामुळे दर फेरीला क्रेन जराशी अडखळते.