बाळाला रडवणारी मालिश पुरे



गेल्या आठवड्यात आमच्याकडे जिवतीला चार-पाच जणी नातीला बघायला आल्या होत्या. सुनेने मालिशवाल्या बाईला बाळाला हात लावू दिला नाही, हे कळल्यावर एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सून जरा आगाऊच दिसते." चहा-नाश्त्याच्या गडबडीत मी गप्प राहिले. इथे राहणार नाही.

सून बरोबर आहे. चुकत आलो ते आपण.

आपली मालिश आठवा. पायांवर पालथं घालून पाठ रगडायची, हातपाय उलटसुलट ताणायचे, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, डोकं गोल व्हावं म्हणून दाबायचं, कानात-नाकात तेल सोडायचं. बाळ लालबुंद होऊन ओरडतं आणि आपण म्हणतो, रडू दे, छाती मोकळी होते. नंतर ते झोपलं की मालिशचा गुण! अहो, इतकं रडून दमल्यावर कोण झोपणार नाही?

माझी लेक 1986 ची. माहेरी बाळंतपण झालं. आठव्या-नवव्या दिवशी तिची छाती थोडी सुजलेली दिसली. मालिशवाली म्हणाली, दूध साचलंय, पिळून काढायला हवं. तिने पिळलं आणि गरम पाण्याची बादली घेऊन मी शेजारी उभी होते. चार दिवसांत तिथे गळू झालं, ताप चढला, चीर द्यावी लागली. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांमुळे मुलगा असो वा मुलगी, अशी सूज येऊ शकते आणि हात न लावता काही आठवड्यांत जाते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. लेकीच्या छातीवर तो व्रण अजून आहे. पाणी गाळून पिणारी मी, आणि स्वतःच्या लेकराचं ओरडणं मला हिंसा वाटलं नाही.

त्याच 1986 साली अमेरिकेत मायामीच्या टिफनी फील्ड यांचा अभ्यास छापून आला. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं शांतपणे चोळलं, हातपाय अलगद वाकवून सरळ केले. त्यांचं वजन इतर बाळांपेक्षा 47 टक्के जास्त वेगाने वाढलं. मी बी.कॉम., आकडा दिसला की थांबते. रगडल्याशिवाय बाळ दणकट होत नाही म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं.

पिढीजात आहे ते बदलत नाही, असंही म्हणू नका. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळाची काळजी शिकवली. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

आमची सून दार लावून घेते, कारण डोंगरावरची थंडी झोंबते. दूध पाजल्यावर लगेच नाही, थोड्या वेळाने. खोबरेल तळहातावर चोळून कोमट करते. हात गुदगुल्या होतील इतका हलका नाही आणि दाबणाराही नाही. पोटावर बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवते. बाळाने तोंड फिरवलं, अंग ताठ केलं की थांबते. मग मालिश अर्धी राहिली तरी चालते. मुलगाही करतो कधी कधी, आणि खरं सांगू, त्याच्या हातात ती जास्त शांत होते.

आणि दात आले की मालिश बंद, हे कोणी ठरवलं? थोरल्या नातवाचे पाय रात्री दुखतात. "चोळू का?" विचारते. कधी नको म्हणतो. हो म्हणाला की पोटऱ्यांवरून हात फिरवता फिरवता शाळेतलं सगळं बाहेर येतं, समोर बसवून विचारलं असतं तर आलं नसतं ते.

राहता राहिली मालिशवाली बाई. तिचे पैसे कापू नका. आमच्याकडे ती रोज येते, ठरलेले सगळे पैसे घेते आणि बाळंतिणीची कंबर-पाठ चोळून देते. तिच्या हातातला जोर तिथेच लागतो. परवा जाता जाता ती दारात थांबून सुनेचे हात बघत होती. म्हणाली, "माझ्या नातीला असंच करून बघते."