आगोटीच्या यादीत औषधे कुठे आहेत?

मे महिना सरत आला की आपल्या किनारपट्टीवर घरोघर आगोटीची धांदल सुरू होते. पापड, सांडगे, कुळीथ, सुकी मासळी, वर्षाचा तांदूळ, पडवीत रचलेली लाकडे. घर शाकारून होते. चार-आठ दिवस बाजाराला जाता आले नाही तरी चूल बंद पडू नये, अशी ही जुनी व्यवस्था आहे आणि तिचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पण या यादीत मी आजवर औषधाचे नाव पाहिलेले नाही. घरात साठी उलटलेली दोन माणसे, एकाला रक्तदाब, दुसऱ्याला मधुमेह. आणि त्यांच्या गोळ्या मात्र हातात पैसे येतील तशा आठ-दहा दिवसांच्या आणल्या जातात.

एरवी हे खपून जाते. चक्रीवादळात खपत नाही.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ वादळ आपल्यापैकी कोणी विसरलेले नसेल. अलिबागच्या दक्षिणेस दुपारी ते किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत काय उरले ते सर्वांनी पाहिले. इशारा दोन दिवस आधी मिळाला होता. त्या दोन दिवसांत लोकांनी काय केले? पत्र्यांना दोरखंड बांधले, होड्या वर ओढल्या, गुरे सुटी केली, ताडपत्री आणली, मोबाइल भरून ठेवले. सगळे योग्यच. प्रत्यक्ष वादळाचे तास माणसांनी माजघरात, मुलांना मध्ये घेऊन, देवाचे नाव घेत काढले. दारे-खिडक्यांपासून दूर, घराच्या आतल्या भक्कम खोलीत बसावे, आणि वारा एकदम पडला तरी लगेच बाहेर धावू नये, कारण वादळाचा मध्य डोक्यावरून सरकला की उलट दिशेने तो पुन्हा येतो, हेही आता पुष्कळांना ठाऊक झाले आहे.

सांगण्याचा मुद्दा निराळा आहे. आपण तयारी करतो ती त्या चार तासांची. घरातली माणसे आजारी पडतात ती पुढच्या तीन-चार आठवड्यांत.

वादळानंतर बाराव्या दिवशी एका आजींना टेम्पोत घालून आणले. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात लुळा. रक्तदाबाची गोळी त्या कित्येक वर्षे घेत होत्या. मुलाला विचारले, तर तो म्हणाला, ‘‘घेते ती रोज, डॉक्टर.’’ सून मात्र गप्प उभी होती. नंतर तिनेच सांगितले की गोळ्या वादळाच्या तिसऱ्या दिवशीच संपल्या होत्या. आजींनी तिला गळ घातली होती, ‘‘पोराला बोलू नको. डोक्यावर छप्पर नाही, वाडी आडवी झाली, त्यात माझ्या गोळ्यांचं कुठं घेऊन बसतेस?’’ आजी वाचल्या. हात पूर्वीसारखा झाला नाही.

या घटनेत मी कोणालाच दोष देऊ शकत नाही. मुलगा छपरावर होता, रस्ते झाडांनी अडलेले होते, फोन बंद होते. पण म्हातारी माणसे अशा वेळी आपले दुखणे लपवतात, हे मी तेव्हापासून धरूनच चालतो. पंचनाम्यात पोफळी मोजल्या जातात, माड मोजले जातात, कौले मोजली जातात. कोणाच्या गोळ्या संपल्या, हे घरातल्याच कोणीतरी विचारावे लागते. आणि ‘‘बरं आहे ना?’’ असे विचारून उपयोग नाही. ‘‘पाकीट दाखव बघू’’ असे विचारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक थांबल्या तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. फिट्सच्या गोळ्यांचे तर बोलायलाच नको.

म्हणून माझे मत असे की, मे महिन्यातच एक महिन्याच्या जादा गोळ्या घरात आणून ठेवाव्यात. खर्च लागतो हे खरे. पण तो वाया जात नाही, वादळ आले नाही तर त्याच गोळ्या पुढच्या महिन्यात संपतात. त्या प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यात ठेवाव्यात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही त्यातच असावी. ज्या घरात इन्सुलिन घेणारा माणूस आहे, तिथे वीज गेली की मोठी घबराट होते. ती अस्थानी आहे. वापरात असलेली कुपी फ्रिजबाहेर, तापमान तिशीच्या आत असेल तर, साधारण चार आठवडे चालते. न उघडलेल्या कुप्या पिशवीत गुंडाळून लहान मडक्यात ठेवाव्यात, ते मडके मोठ्या मडक्यात ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि ती ओली राखावी. बर्फाला मात्र कुपी चिकटू देऊ नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. आणि जेवणाचा पत्ता नसताना नेहमीचेच युनिट टोचून मोकळे होऊ नये, साखर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. किती कमी करायचे ते डॉक्टरांना आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

आता पाण्याचे. वीज नाही म्हणजे नळाला पाणी नाही. मग जिच्याकडे कोणी वर्षभर ढुंकूनही बघत नव्हते ती विहीर आठवते. तिच्यात पाला पडलेला असतो, मेलेले उंदीर असतात, शौचखड्ड्याचे पाणी झिरपलेले असते. ग्रामपंचायतीकडून टीसीएल पावडर पडेपर्यंत ते पाणी कपड्याने गाळून, खळखळून उकळूनच प्यावे. ओल्या लाकडांवर हे सोपे नाही, मला कल्पना आहे. त्यासाठीच क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या आगोटीत हव्यात. वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. जुलाब सुरू झालेच तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा, आमटीचा नव्हे.

एक गोष्ट बायका डॉक्टरांनाही सहसा सांगत नाहीत. परसातल्या संडासाचे पत्रे उडालेले, अंधार, भोवती माणसांचा राबता. मग त्या पाणी पिणेच सोडतात, रात्र होईपर्यंत लघवी तुंबवून ठेवतात. त्या महिन्यात जळजळ आणि थंडी-ताप घेऊन आलेल्या स्त्रिया मी इतक्या पाहिल्या की सांगता सोय नाही. वादळानंतर घरातील पुरुषांनी स्वयंपाकघरावर ताडपत्री टाकली की दुसरी ताडपत्री संडासाभोवती बांधावी, असे मी आता उघड सांगतो. कोणाला हसू येते. येऊ दे.

छपराबद्दलही बोलले पाहिजे. वारा थांबला की पाऊस घरात येतो, म्हणून घरातील मिळेल तो माणूस वर चढतो. पंचावन्न-साठीची माणसे शेवाळलेल्या, भिजलेल्या कौलांवर! वाऱ्याने जखमी झालेल्यांपेक्षा नंतर छपरावरून पडलेले रुग्ण मी अधिक पाहिले. ज्याला घेरी येते, ज्याचे गुडघे गेले आहेत त्याने वर जाऊ नये. दोन दिवस पाणी गळले तरी चालेल. पत्र्याचा किंवा खिळ्याचा घाव लागला तर साबण-पाण्याने धुऊन, गेल्या पाच वर्षांत धनुर्वाताचे इंजेक्शन झाले नसेल तर ते घ्यावे. पडलेल्या कौलांच्या ढिगात, झावळ्यांखाली हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहावे. आपल्याकडे फुरशाची कमतरता नाही. आणि चिखलात, साचलेल्या पाण्यात काम केलेल्या माणसाला पंधरा दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर तो ‘पावसाचा ताप’ समजून काढ्यावर दिवस घालवू नये. लेप्टो लवकर ओळखला तर साध्या औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे जातात.

मोबाइल भरण्यासाठी भाड्याने आणलेला जनरेटर बंद पडवीत लावलेलाही मी पाहिला आहे. त्याच्या धुरातील विषारी वायूला ना रंग, ना वास. झोपलेले कुटुंब झोपेतच संपते. तो अंगणातच, घरापासून लांब ठेवावा.

दिवस भरत आलेली सून किंवा लेक घरात असेल, तर इशारा मिळताच तिला तालुक्याच्या गावी, रुग्णालयाजवळच्या नातलगांकडे पोहोचवावे. ‘‘अजून आठ दिवस आहेत’’ हा हिशेब त्या दिवशी करू नये. पडलेल्या झाडांपुढे १०८ ची गाडीही थांबते.

आगोट वर्षातून एकदाच येते, वादळाचे तसे नाही. अरबी समुद्रात मे-जूनमध्ये वादळे उठतात, तशी पाऊस संपल्यावरही उठतात. ‘फयान’ आले ते ११ नोव्हेंबर २००९ रोजी. तेव्हा दिवाळीचा फराळ करायला घ्याल, त्याच सुमारास गोळ्यांचा डबाही एकदा उघडून पाहा आणि पाकिटांवरील मुदतीच्या तारखा वाचा.