अपघातानंतरचा अन्याय

शहागडला गोदावरीवरील पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि बीड जिल्हा सुरू होतो. धुळे-सोलापूर महामार्गाने रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारींना ही सीमा जाणवत नाही. परंतु अशा ठिकाणी एखादा पादचारी वा दुचाकीस्वार वाहनाखाली सापडला, की हद्द कोणाची, रुग्णालयात कोणी न्यावयाचे, खर्च कोणी सोसावयाचा, हे प्रश्न जखमी माणसाच्या आधी उभे राहतात. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अपघात टाळण्याचा प्रश्न मोठा आहेच. पण अपघात घडून गेल्यावर काय करावे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून अधिक उपेक्षित आहे.

पहिले कर्तव्य जखमीचा जीव वाचविण्याचे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक बघत उभे राहतात. या भीतीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आणि सद्भावनेने मदत करणाऱ्यास दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण मिळाले. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा, आणि हद्दीचा वाद निघाल्यास गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येतो हे ठामपणे सांगावे. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळावयाचे आहेत.

दुसरे कर्तव्य जमावाचे. कलम १३४ प्रमाणे चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना वर्दी द्यावी, असे बंधन आहे. पण जमावाच्या क्षोभामुळे थांबणे अशक्य झाले, तर जखमीला मदत मिळवून देण्याच्या बंधनाला हेच कलम अपवाद करते. म्हणजे चालकाला मारहाण करणारा जमाव त्याच्या पलायनाला निमित्तच पुरवितो. शिवाय मालमोटार चालविणारा हा बहुधा दुसऱ्याच्या गाडीवर राबणारा पगारी श्रमिक असतो. त्याला झोडपल्याने गाडीचा मालक आणि विमा कंपनी यांच्या जबाबदारीला यत्किंचितही धक्का लागत नाही. भरपाई त्यांच्याकडून मिळावयाची असते, आणि ती मुठींनी नव्हे, कागदपत्रांनी मिळते.

ही कागदपत्रे हाच गरिबाचा खरा अडसर आहे. वास्तविक कायद्याने बरेच काही देऊ केले आहे. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागता येतात. याहून अधिक नुकसान झाले असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती चुकवू नये. अर्ज आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो. अंबड, घनसावंगी, गेवराईकडून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांना ही तरतूद माहीत असणे अत्यावश्यक आहे. परमुलखात गमावलेल्या माणसासाठी परमुलखात खेटे घालण्याचे कारण नाही.

वाहन सापडलेच नाही, तरीही मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून आहे. अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. या योजनेचे प्रत्यक्षात काय झाले? २०२२ मध्ये वाहन पळून गेल्याच्या ६७,३८७ घटना नोंदल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये या प्रश्नाचा परामर्श घेतला, तेव्हा २०२२-२३ या वर्षात केवळ २०५ दावे आल्याचे आणि त्यांपैकी ९५ निकालात निघाल्याचे समोर आले. यावर न्यायालयाने आदेश दिला की, महिन्याभरात वाहनाचा शोध लागला नाही तर ठाणे अंमलदाराने या योजनेची माहिती पीडितांना लेखी कळवावी.

हजारो कुटुंबांनी आपण होऊन हक्क सोडला, असे कोणी म्हणणार नाही. त्यांना हक्क आहे हेच कोणी सांगितले नाही. ज्या घरातला कमावता माणूस गेला, त्या घराने दुःखाच्या दिवसांत कलमे शोधावीत, नमुने भरावेत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. भरपाई ही दया नाही. वेगवान वाहतुकीतून ज्यांना नफा होतो, त्यांनी तिच्या बळींचे देणे देण्याचा तो हिशेब आहे.

म्हणून मागणी साधी आहे. गोंदी पोलीस ठाण्याने न्यायालयाच्या आदेशानुसार अशा प्रत्येक पीडित कुटुंबास लेखी सूचना द्यावी. तालुका विधी सेवा समितीने अर्ज भरून देण्याची व्यवस्था शहागडसारख्या गावी यावी. आणि महामार्गाकडेच्या प्रत्येक ग्रामसभेने वर्षाकाठी एकदा विचारावे : गेल्या वर्षी आपल्या हद्दीत किती अपघात झाले, आणि किती घरांना त्यांचे देणे मिळाले? हा प्रश्न गावाने विचारल्याखेरीज कायद्याने दिलेला हक्क त्या घरांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणार नाही.