मोठं चित्र, थोडा खर्च



माझे सासरे चित्रकलेचे शिक्षक. खारबावचं आमचं जुनं कौलारू घर त्यांनी रंगवून ठेवलं होतं. पुढे घर पाडलं, सासरेही गेले. चित्र तेवढं उरलं. दीर पुण्याला, नणंद नागपूरला, आणि दोघांनाही ते हवं! एकदा दिरांकडे पाठवलं. परत आलं तेव्हा वाटेत गुंडाळी चेपून मधोमध चुणी पडलेली. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत. नुसत्या त्या चुणीवरून हात फिरवत बसल्या. तेव्हाच ठरवलं, मूळ चित्र आता घराबाहेर जायचं नाही. पाठवायच्या त्या छापील प्रती.

चित्रं घरोघरी पोचवायला राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला नेला. तिथे एकेका रंगासाठी वेगळा दगड लागे. आपल्याला आता मोबाइल पुरतो, पण थोडी काळजी हवी.

फोटो असा काढा : चित्रावरची काच काढा. उन्हात नको, सावलीतल्या भरपूर उजेडात चित्र उभं ठेवा. फ्लॅश नको. मोबाइल चित्राच्या अगदी समोर धरा, तिरका नको. १२ मेगापिक्सेलच्या फोटोतून २० बाय २६ इंचांपर्यंत भिंतीवर शोभेल अशी छपाई होते. दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होतो नि छपाई धुरकट येते.

छपाई करताना : ए-२ माप, म्हणजे साडेसोळा बाय सुमारे साडेतेवीस इंच, बैठकीच्या खोलीला पुरतं. मोठ्या छपाईचा दर बहुधा चौरस फुटावर असतो. म्हणून रोलची रुंदी आधी विचारा. ३६ इंची रोलवर ए-२च्या दोन प्रती शेजारी शेजारी बसतात, कागद वाया जात नाही. कागद मॅट घ्या. आधी वीतभर तुकडा छापून रंग मूळ चित्राशी ताडून बघा.

पाठवताना : भिवंडी म्हणजे कापडाचं गाव. तागा संपला की आतली पुठ्ठ्याची नळी रिकामी पडते. ओळखीच्या दुकानदाराकडे मागा. पोकळी तीनेक इंच असेल तर प्रत सैल गुंडाळून आत सरकवा. नळी बारीक असेल तर बाहेरून गुंडाळा आणि वर जाड पुठ्ठा लपेटा. चित्रावर पातळ कागद, सगळ्यावर प्लॅस्टिक, दोन्ही तोंडांना कागदाचे बोळे आणि पुठ्ठ्याची झाकणं. गुंडाळताना आखूड बाजू नळीच्या लांबीला येऊ द्या. ए-२ला ४५ सेंटिमीटरची नळी पुरते.

२५० ग्रॅमचा जाड कागद घेतला तरी ए-२ प्रतीचं वजन जेमतेम ६२ ग्रॅम. भार असतो नळीचाच. अनेक कुरियरवाले आकारमानावरही पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात. ४५ बाय ९ बाय ९ची नळी अशा हिशोबाने पाऊण किलोच्या जवळ जाते! म्हणून पोस्टाचा दरही विचारा. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिळवलं आहे. पावती जपून ठेवा.

आमच्या दोन्ही प्रती नीट पोचल्या. नणंदेचा फोन आला, “आई, ओटीवरचा झोपाळासुद्धा दिसतोय गं!” सासूबाईंनी भिंतीवरच्या मूळ चित्राकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्या चुणीबद्दल बोलल्या, “असू दे. घर सगळ्यांकडे पोचलं.”