बँडने मैफलीत काय वाजवावे?

उत्तर इंग्लंडमधील कापडगिरण्या व कोळशाच्या खाणी यांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्यांचे बँड भरभराटीस आले. दिवसभर राबणाऱ्या माणसांनी संध्याकाळी हाती धरलेली ही कला. तिच्या मैफलीत काय वाजवावे, याविषयी दोन मते हिरिरीने मांडली जातात. दोन्ही मला अमान्य आहेत.

पहिले मत स्पर्धेच्या भक्तांचे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे १८५३ साली सुरू झालेल्या स्पर्धेने बँडना शिस्त लावली, हे मान्य. परंतु स्पर्धेसाठी नेमलेली रचना वादकांचे दोष उघडे पाडण्यासाठीच निवडलेली असते. तेथे परीक्षक पडद्याआड बसतो. वादक कोण, हे त्याला दिसत नाही. मैफलीतला श्रोता मात्र समोर बसतो, आणि तो चुका मोजायला आलेला नसतो. त्याच्यापुढे एकामागून एक कसरती करणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून स्वयंपाकाची परीक्षा घ्यायला लावणे होय.

दुसरे मत म्हणते, ''लोकांना चित्रपटगीतेच हवीत, तीच वाजवा.'' हा लोकांचा आदर नव्हे, ही त्यांच्याविषयीची तुच्छता आहे. ज्या गिरणी कामगाराला ऑपेरागृहाची पायरी चढणे परवडत नव्हते, त्याने रोसिनी आणि व्हेर्दी आपल्या बँडकडूनच ऐकले. त्याला ते कळले. मग त्याच्या पणतवंडांना कळणार नाही, असे कोणी ठरवले? एखादी लोकप्रिय चाल अवश्य असावी. पण ज्या गाण्याचा प्राण शब्दांत किंवा व्हायोलिनच्या सुरांत आहे, ते कॉर्नेट आणि युफोनियमवर पोकळ वाटते.

मग निवड कशी करावी? प्रारंभी एखादा मार्च असावा. त्यानंतर खास बँडसाठी रचलेली एक भारदस्त कृती घ्यावी. गुस्ताव्ह होल्स्टची १९२८ सालची 'अ मूरसाइड स्वीट' स्पर्धेसाठीच लिहिलेली, तरी तिचा संथ मधला भाग कोणत्याही श्रोत्याला भिडतो. स्पर्धेची रचना म्हणून ती टाळू नये, आणि स्पर्धेची रचना म्हणूनच ती घेऊही नये. शिवाय कार्यक्रम ठरवणाऱ्याने वादकांच्या ओठांचा विचार करावा. सलग मोठ्याने वाजवून ओठ थकले की हळुवार सूर स्थिर राहत नाही.

आणि एक तरी भक्तिगीताची चाल असावीच. ''ती तर सरावाला वाजवतात,'' असे म्हणून तिला हसणारे आहेत. त्यांनी 'ग्रेसफर्ड' ऐकावे. २२ सप्टेंबर १९३४ रोजी उत्तर वेल्समधील ग्रेसफर्डच्या खाणीत स्फोट होऊन २६६ माणसे दगावली. रॉबर्ट सेंट या खाणकामगाराने त्यांच्या स्मरणार्थ ही चाल रचली. डरहॅमच्या खाणकामगारांच्या मेळाव्यात ती वाजते, तेव्हा गर्दी स्तब्ध होते. ती वाजवायला बोटांची चपळाई लागत नाही. पण संथ सुरावटीत बेसूर लपवायला जागाही नसते. सोपी दिसणारी हीच खरी कसोटी!

आपल्याकडेही लग्नाच्या वरातीपुढे आणि सणाच्या मिरवणुकीत बँड वाजतो. तोच बँड उद्या व्यासपीठावर बसला, तर त्याच्या प्रमुखाने एवढेच स्वतःला विचारावे : हे मी टाळ्यांसाठी निवडले, पारितोषिकासाठी निवडले, की समोर बसलेल्या माणसासाठी?